साडेतीनची दाढी

बोटीवर चढण्याआधी ग्लॅडविन गाल बघतो.
हात लावत नाही, तसा नियम आहे.
नुसती टॉर्च मारतो हनुवटीखाली,
भोपळा आतून सडलाय का बघावं तशी.
"सर्वेश, ही आजची?"
आजचीच. साडेतीनची. डिचोलीची बस धरण्याआधीची.
पण माझी दाढी माझ्याहून मेहनती,
पणजीला उतरेपर्यंत पुन्हा कामावर हजर.

केस काथ्याचे, कातडी लोण्याची.
आई म्हणते, दोन गिऱ्हाइकांचा माल
चुकून एकाच पिशवीत भरला.

पहिल्या पगारात पाच पात्यांचं रेझर घेतलं.
जाहिरातीतल्या माणसाचा गाल काचेसारखा.
माझ्या मानेवर दुसऱ्या दिवशी
लाल मसूर पेरल्यासारखे फोड.
पाचवं पातं केस इतका खोल कापतं
की उगवताना तो वाट चुकतो,
आतल्या आत वळतो
आणि तिथेच बिऱ्हाड करतो.
मग निळा फोम, पुदिन्याचा. झोंबला.
मग 'संवेदनशील त्वचेसाठी' असं लिहिलेला जेल,
तो कमी झोंबला, जास्त पैसे घेऊन.
तुरटी. कुंडीतली कोरफड.
आतेभावाने दुबईहून आणलेलं आफ्टरशेव्ह,
जे लावून मी आरशासमोर उभ्या उभ्या
कुळातल्या सगळ्या देवांना हाका मारल्या.

रात्रभर पत्ते वाटायचे,
आणि बो टायखाली कॉलर घासत राहायची.
एकदा समोरचा माणूस एका डावात
माझ्या वर्षभराचा पगार हरला,
वर बघून म्हणाला, "मानेला काय झालं हो?"
त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

बुधवारच्या बाजारात, सुक्या मासळीच्या रांगेमागे
उल्हास म्हाल्याचं दुकान. एक खुर्ची, एक पंखा.
त्याने टॉर्च मारली नाही. डोळे मिटले
आणि बोट फिरवलं गालावर, गळ्यावर,
आंधळा नोट चाचपतो तसं.
"हांगा सकयल वता. हांगा वयर."
माझ्या मानेवरचे केस डावीकडून कानाकडे चढतात.
एकोणतीस वर्षं माझी मान माझ्याजवळ होती,
मला माहीत नव्हतं.

गरम टॉवेल. तीन मिनिटं, मोजून.
वाटीतला साबण, बिनवासाचा.
ब्रश गोल गोल, केस उभे राहीपर्यंत.
एकच पातं, आणि जोर हाताचा नाही,
रेझरचं स्वतःचं वजन जेवढं, तेवढाच.
केसांच्या वाटेने जायचं. उलटं जायचं नाही,
गाल थोडा खरखरीत राहिला तर राहू दे.
"घाय करिनाका," तो म्हणाला,
मी काहीच करत नव्हतो तरी.
शेवटी मुठीत वळलेला कोकम तेलाचा गोळा,
तळहातावर चोळून, नखाएवढा.

"तुझ्या बापायची मान अशीच," म्हणाला.
बाबा खाणीवर ट्रक चालवायचे.
रविवारी या खुर्चीत बसायचे तेव्हा
पहिला फेस लाल निघायचा, धुळीने.
पांढरा दुसऱ्या खेपेला.
मला फक्त घरी आलेले बाबा आठवतात,
गुळगुळीत, तेलाचा वास येणारे.
लाल फेस त्यांनी कधी सांगितला नाही.

आता मी तीनलाच आरशासमोर असतो.
खिडकीतल्या बाटल्या आईने भंगारवाल्याला दिल्या,
दुबईची ठेवलीय, मुंग्यांवर शिंपडते.
डाव्या कानाखाली एक फोड अजून आहे,
जुना भाडेकरू, निघता निघेना.

काल पहाटे चारला ड्यूटी सुटली.
जिन्यात ग्लॅडविन एकटा, कॉलर सोडून
टिश्यूने मान टिपत होता.
टिश्यूवर बारीक लाल ठिपके.
मी दिसलो तशी त्याने कॉलर लावली,
मग परत काढली.
"काय लावतोस तू?"
कोकमाचं तेल, म्हणालो.
बाकीचं सांगायला दहा मिनिटं तरी लागली असती,
आणि किनाऱ्याला नेणारी होडी सुटत होती.