मड्डमची वही

जिनाचा पहिला भोंगा वाजला
तवा आमच्या कपिलीनं दावं तोडलं.
मड्डम वहीत लिवत होती.

तिच्या बंगल्यावर मी पानी भरो.
थे मले निंबाखाली उभी करे,
डोक्शावर भरली घागर,
हालू नोको म्हने,
अन् पेन्सिल चालवे.
निंबाची साउली ओट्यावरून न्हानीपाशी सरके,
घागरीतलं पानी कोमट होये.

करीमबक्श खानसामा कधीमधी सांगे,
"लिवलं हाये का इथं कोनालेच घाई नाही."
घाई नसन कशी व बाप्पा?
चुलीवर आधन, घरी रांगतं पोट्टं,
अन् भोंग्याआधी सरकीचं सूप.
मड्डमच्या भितीवर एक घड्याय, कमरेले एक,
तरी टपालाच्या दमनीकडं पाहू पाहू
तिचा च्या थंडा होये, वर साय धरे.
थे कोन लिवन?
माह्यापाशी कुठी होता कागद.

जाताना चित्र दाखवलं तिनं.
माहं लुगडं, माही घागर,
पाटल्याबी बरोबर दोन.
खाली दोन शबुद.
करीमबक्श म्हने, "हसरी पानीवाली."

हसत नव्हती मी.
ऊन डोयात जात होतं.