न बसलेलं झाकण

शनिवारी दीडला बाजार उठतो.
मी एकला पोचते, मुद्दाम,
एमिनेची नजर गावाकडच्या बसकडे लागते तेव्हा,
आणि काट्याचं पारडं जरा सैल पडतं.
सकाळी अडीच लेव्ह. आता दीड.
"अख्खी गोणी उचललीस तर सव्वा,
पण निवडायचं नाही, नाक मुरडायचं नाही."
मी मुरडत नाही.
वाकडी, एका कुशीवर डागाळलेली,
देठाशी किडीनं सही करून गेलेली लाल मिरची,
सुरीला सगळ्या सारख्याच.

वीस किलो. वर एक चिरका भोपळा,
आणि माझ्या कोटाच्या खिशात तिनं कोंबलेली दोन बिहीफळं,
पिवळी, लव असलेली,
कच्ची खाल्ली तर तोंडाला कुलूप.
"स्वेटरांमध्ये ठेव," म्हणाली,
"वासाला पैसे पडत नाहीत."

प्लेवेनमध्ये ऑक्टोबर आला हे
मला झाडांवरून कळत नाही, जिन्यावरून कळतं.
प्रत्येक मजल्याला भाजल्या मिरचीचा वास,
भिंतींना, डोअरमॅटला, पोस्टमनच्या टोपीला.
फक्त चौथा मजला गेली दोन वर्षं कोरा.

माझं भाजायचं भांडं उन्हाळ्यातच जळालं.
नवं साठ लेव्हला.
साठ लेव्हमध्ये यावोरचे बूट येतात,
निदान डावा तरी.
म्हणून मी चौथ्या मजल्यावर रशकोंचं दार वाजवलं.
"देणार नाही," ते म्हणाले.
आणि दार लावता लावता,
"त्सोना कुणाला हात लावू द्यायची नाही.
मीच येतो खाली."

आले. काखेत ते मातीचं नळकांडं,
पशुवैद्याकडे नेलेल्या मांजरासारखं धरलेलं.
एका वेळी एकच मिरची जाते त्यात.
देठाला धरून सोडायची,
चाळीस अंक मोजायचे, फिरवायची, आणखी वीस.
ते मोठ्यानं मोजत.
छत्तीसनंतर दर वेळी एकोणचाळीस.
तिसऱ्या मिरचीला यावोरनं मोबाईलमधून मान वर केली:
"सदतीस राहिलं."
दहाव्या मिरचीपासून तोच मोजत होता.

मी साली काढत बसले, बोटं काळी, नखं पेटलेली.
तेल सूर्यफुलाचं, तेही चमच्यानं.
लसूण बाल्कनीतला. मीठ मात्र हात न आखडता.
"सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात," रशको भांड्याकडे बघत म्हणाले,
"दोन पगार होते घरात, आणि विकत काहीच येत नव्हतं.
एकोणीस बरण्या होत्या.
त्सोना रात्री उठून मोजायची,
जत्रेत पोरं मोजतात तशी."
मग सांगण्यासारखं काही उरलं नसावं.
"हं, पुढची," म्हणाले.

कोंड्याचा मांडा करणं मला जमतं,
माझ्या आईला जमायचं त्याहून थोडं कमी.
भोपळा चिरेपासून कापला, साखर न घालता भाजला.
साखर त्यानं स्वतःच आणली होती.

एकतीस बरण्या. झाकणं गेल्या वर्षीचीच.
उकळून काढून घोंगडीवर उलट्या ठेवल्या,
निवताना सुलट्या केल्या,
आणि आम्ही तिघं ऐकत राहिलो:
टुक्. टुक्.
एकेक झाकण आत बसल्याचा आवाज.
यावोर बोटांवर. तीस.
एकतिसावी गप्प.
रशकोंनी अंगठ्यानं झाकण दाबलं,
ते खाली गेलं, वर आलं, खाली गेलं.
"ही जानेवारी बघणार नाही," ते म्हणाले, गंभीरपणे,
आणि यावोरच्या हातात तोवर पाव होता.

बरणी संपली. तळाचं तेलही
पावानं पुसलं, तिघांनी आळीपाळीनं.
मी तीन बरण्या त्यांच्या पिशवीत घातल्या,
एक बिही स्वेटरांसाठी.
खिशातून त्यांनी कागद काढला,
माझ्या मीटरचा सकाळचा आकडा लिहून ठेवलेला.
"विजेचे किती झाले बघ. अर्धे मी देतो."
जाताना भांडं माझ्याच ओट्यावर राहिलं.
विसरले म्हणावं, तर वायर नीट गुंडाळलेली होती.

पुढच्या शनिवारी कोबी उतरेल म्हणते एमिने.
पिंप त्यांच्याकडे आहे.