पाय मोकळे

डॉक्टर पेठे म्हणाले, चाला. रोज चाळीस मिनिटं.
कुठे चालू?
टिळकनगरात आमच्या शेजारची बिल्डिंग पाडलीय,
पलीकडचीला पत्रे लागलेत,
फुटपाथच्या लाद्या निघाल्यात, गटाराचं झाकण अर्धं,
आणि कट्ट्यावर सोमण बसलेला असतो
"मुलगा काय म्हणतो?" विचारायला.

मग कुंदाने माळ्यावरून खोकं काढलं.
ओजसचं, कॉलेजातलं.
एक पांढरी पाटी, वजनकाट्याची चुलत बहीण,
आणि एक काठी, जिचा पट्टा मनगटात अडकवायचा,
नाहीतर टीव्ही फुटतो म्हणे.
टीपॉय गॅलरीत गेला, सोफा भिंतीला टेकला.
दहा बाय बाराच्या खोलीत
चार फूट मैदान निघालं.

पाटीवर उभा राहिलो, तर ती कण्हली.
तुमच्या शरीराचं वय एकाहत्तर.
"एकसष्ट," मी टीव्हीला सांगितलं.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली आहेत;
समोरच्याचं ऐकूनच न घेणारी यंत्रं
मला नवी नाहीत.

पडद्यावर मी: गोल डोकं, बिनबोटांचे हात.
मिशी कुंदाने निवडली, माझ्याहून जाड.
जागच्या जागी पळायचं.
तिकडे एक बेट, समुद्र असा निळा
की माहूलचा वास आठवूनही येत नाही.
एक कुत्रा पुढे धावतो, मागे वळून बघतो.
मी बनियनवर, घामाने चिंब,
इंचभरही पुढे न सरकता
पुलावरून जातो.

तिसऱ्या दिवशी खालून ठकठक.
मिस्किटाआंटी, झाडूचा दांडा, त्यांचं छत, माझी फरशी.
तेव्हापासून गोधडीची चौघडी करून तिच्यावर पळतो.
कुंदा मात्र कंबरेची चकती फिरवते,
आवाज नाही, काही नाही,
पदर खोचून दीडशे फेरे, आणि वर विचारते,
"तुमचे किती झाले?"

बेटाच्या कडेला काही मंडळी उभी असतात.
मी पोचलो की टाळ्या वाजवतात.
त्यात एक टोपीवाला, लाल शर्ट.
ओजसने स्वतःला बनवलेलं, अठराव्या वर्षी.
अजून अठराचाच.
चार वर्षांपूर्वी जिन्यात आवाज चढला होता
(माझाच, सगळ्या मजल्यांना माहीत आहे)
त्याची ह्याला खबर नाही.
हा टाळ्या वाजवतो.

मंगळवारी व्यायाम संपला,
आणि पाटीने इंग्रजीतून, अगदी लाडात विचारलं:
ओजसला इतक्यात पाहिलंत का? कसा दिसतो?
खाली तीन चौकोन.
बारीक झालाय. तसाच आहे. अंगाने भरलाय.
मी चौथा शोधत राहिलो.
"माहीत नाही"ला जागाच नव्हती.
काठीला हाताची थरथर कळते;
पडद्यावरचा बाण तिन्हींवरून
डासासारखा फिरत होता.

कुंदा आली, हात कणकेचे.
"दाबा काहीतरी, पुढे तरी जाईल."
मी "तसाच आहे" दाबलं.
पाटी खूश झाली. म्हणाली, तुमचं घरच्यांकडे लक्ष असतं.

"बारीक झालाय," कुंदा म्हणाली,
ओट्याकडे वळता वळता.
"गालफडं बसलीत. परवा व्हिडिओवर दिसलं."

परवा.
परवा मी बँकेत होतो, पासबुक भरायला. दीड तास रांगेत.
त्याआधीचे परवे मोजायला घेतले
आणि मध्येच सोडून दिले.

कुकरची एक शिट्टी झाली.
काही विचारलं नाही.
पुन्हा पाटीवर चढलो, ती पुन्हा कण्हली,
मग गोधडीवर उतरलो, पळू लागलो,
कुत्रा, पूल, तोच निळा समुद्र,
कडेला लाल शर्ट,
गालफडं जिथल्या तिथे.
या वेळी जरा जोरात पळालो असेन, गोधडी सरकली,
खालून ठकठक सुरू झाली.

"अहो, थांबू नका," स्वयंपाकघरातून आवाज आला.
"आंटीला मी सांगते."