टॉवेलची गाडी

होटगी रोडच्या भंगारातून आणली तेव्हा
हिच्या कुशीवर अजून निम्मं लिहिलेलं होतं:
‘...टर्किश टॉवेल, सोलापूर’.
ह्यांनी वरून निळा मारला.
पहिल्याच उन्हाळ्यात निळा पापुद्र्यांनी सुटला
आणि अक्षरं परत वर आली,
जशी शेवटी शेवटी आईच्या तोंडी नुसती तेलुगू आली होती.

आत एक बाज, दोन ट्रंका, छोटी शेगडी.
खिडकीला आमच्याच मागावरची चादर,
तिच्यातून उजेड येत नाही, वाराही नाही.
विडी घरकुलात दारोदार तोच प्रश्न:
‘नरसय्यामामा, कुठं जाऊलालाव?’
‘समुद्राला.’
‘कोण हाय तिकडं तुमचं?’
कोणी नाही.
लक्ष्मण चिलका म्हणाला, पाणीच बघायचं तर
कंबर तलाव काय वाईट आहे?

आंबोली उतरताना ब्रेक तापले.
मी सबंध घाट मांडीवर दगड घेऊन बसले,
घरकुलातलाच, काळा, पाटीएवढा.
ह्यांनी बोट वर केलं की उडी मारायची
आणि चाकाखाली सारायचा.
सात वेळा मारली. वय एकसष्ट.

वेंगुर्ल्यात तिसऱ्या दिवशी कडक भाकरी मऊ पडली.
आमच्याकडे महिनाभर पापडासारखी राहते.
शेंगाचटणीला ओल धरली, मीठ पाझरलं,
काडेपेटी पेटेना.
मला हवा आवडली, बोलले नाही.
बदामाचं पान पडलेलं दिसलं
की माझी बोटं कात्री शोधायची.
एकतीस वर्षं, रोजच्या हजार विड्या,
बोटांना कोण सांगणार सुट्टी आहे म्हणून.

ह्यांचा डावा कान मागांनी आधी नेला, मग उजवा.
आम्ही हातांनी बोलतो, मागावरच्या खुणांनी:
धागा तुटला. चहा आला. मालक आला.
एवढ्यात संसार झाला, भांडणंसुद्धा झाली.
समुद्राची खूण मात्र नव्हती आमच्यात.

भोगव्याच्या वाळूत पाण्याशी उभं राहून
ह्यांनी विचारलं, होड्या ओढणारे वळून बघतील
एवढ्या मोठ्यानं,
‘कसा वाजतो गं? मागासारखा?’

मी मान हलवली.
माग लाइट गेली की थांबतो.
माग एकाच मापात बोलतो,
हा बोलता बोलता विसरतो,
मग आठवतं तसा धावत परत येतो.
हे कुठल्या हातानं सांगू?
शेवटी त्यांचा पंजा ओढून घेतला,
विडीच्या पानावर ओला फडका फिरवतात तसा
माझा तळवा मनगटापासून बोटांपर्यंत नेला,
थांबले,
आणि नखांनी खरवडत मागे आणला.

खूप वेळ गप्प होते.
मग म्हणाले, ‘अजून.’

देवगडला क्लच गेला, त्याच्याबरोबर पैसे.
रत्नागिरी राहिली.
मेकॅनिक पोरगा गाडीवरचं वाचून म्हणाला,
टॉवेल आहेत का काकी? एक द्या.
दिला.

आता गाडी दाराशी उभी असते, तोंड पश्चिमेला.
पायपुसणं झटकलं की अजून थोडी वाळू निघते.
एप्रिलात घरात झोप येत नाही, म्हणून
दोघं तिच्यातच निजतो, मागची दारं उघडी टाकून.
रात्री लाइट जाते,
गल्लीतले माग एकदम थांबतात.
ह्यांना ते कळत नाही,
पण नेमका तेव्हाच कसा कोण जाणे
अंधारात पंजा पुढे येतो.

दगड चाकाखाली आहे.
उद्या काढायचा, असं रोज ठरतं.