पानी

बार्न्सलीच्या वृद्धाश्रमात, रात्रपाळीत,
हेपवर्थ आजोबा म्हणतात, "वॅटर, लव्ह."
लंडनहून आलेल्या नव्या पोरीला समजत नाही.
मले समजते.

या एका शब्दापायी शाळेत पट्टी खाल्ली त्यांनी.
मग खाणीत उतरले.
तिथं कोणी उच्चार तपासले नाहीत.

मी आर्वीला, तिसरीत,
शंभरदा लिहिलं: ण बाणाचा, ण बाणाचा.
पण पानी तर नळाले येते, बाई,
अन् न नळाचा.

पेला त्यांच्या ओठांशी धरते.
तक्त्यात भरते: द्रव, दोनशे मिली.

काल लेकीच्या मराठीच्या वहीत
तोच शब्द सापडला. लाल पेनानं खोडला मी.
ती म्हणाली,
"पण आई, तू तर असंच म्हणतेस."