अर्धा आटा

ओगलालाला पोचलो, तर वारा आमच्या आधीच येऊन बसलेला.
नेब्रास्काचा वारा. त्याच्या वाटेत
एक कॉटनवुडचं झाड, बास,
आणि तेही त्याच्याच बाजूचं.

पद्माकरने ट्रक सोडवून पुढे काढला
आणि घर मागे राहिलं,
चार चाकं, दोन लोखंडी पाय,
मान हवेत काढून.
याला म्हणे पाचवं चाक म्हणतात.
मी सगळीकडून फिरून मोजलं. चारच.
पाचवं म्हणजे ट्रकच्या पाठीवरची पकड,
ती ट्रकबरोबर गेली.
त्या लोंबत्या मानेतच आमची झोपायची खोली.

पद्माकर कूस बदलतो
ते स्वयंपाकघरातल्या कपांना कळतं.
मी पाणी प्यायला उठले
की फळीवरच्या देवांची घंटी एकदा किणकिणते,
ना पूजा, ना नैवेद्य, रात्रीचे अडीच.
ओमाहाचं घर विकताना कागदांत कुठे लिहिलं नव्हतं
की इथून पुढे एकाची झोप मोडली
की दोघांची मोडेल.

शेजारची वर्ना, वय अठ्ठ्याहत्तर,
गुडघ्याला पट्टा, गालात पुदिन्याची गोळी,
रबरी हातोडा घेऊन न बोलावता आली.
म्हणाली, आधी लेव्हल.
मी मनात म्हटलं, पाणसळ.
कराडला बाबांच्या खिशात असायची, पितळी,
तिच्यातला बुडबुडा मी फुंकून हलवायला बघायची.
इथला बुडबुडा हिरवा. ट्रेलर डावीकडे कलला होता,
आणि दोन दिवस मी म्हणत होते,
कढी पातेल्यात वाकडी का दिसतेय.

डाव्या चाकांखाली फळ्या.
दोन चाकांच्या मध्ये पाचर, पिळून घट्ट.
पुढच्या पायांखाली ठोकळे,
पाय जितका आखूड तितका कमी डुलतो, वर्ना म्हणाली,
म्हणून मी बुटकी राहिले.
मागे कात्रीसारखे दोन जॅक.
उचलायचं नाही हं, नुसतं टेकवायचं,
घराला कळलं पाहिजे की कुणीतरी आहे.
शेवटी मानेखाली तिवई,
तिच्या जुन्या गाडीतली, रंग उडालेली.
पद्माकर पान्याने आटे फिरवत गेला
बायपासनंतर डॉक्टरांनी जेवढे सांगितलेत
त्याहून चार जास्त.

वर्नाने दाराशी उभं राहून गाडीला ढुंगणाने धक्का दिला.
कप गप्प.
घंटी गप्प.
आम्ही टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या.
मी तिला विचारलं, तुझी पण अशीच घट्ट आहे?
हातोडा पुसत ती म्हणाली,
माझी चार वर्षांत हलली नाही.
मग म्हणाली, रॉस गेल्यापासून.
मग म्हणाली, गोळी हवी का एक?

रात्री रुळांवरून मालगाडी गेली, पाऊण मैलाची,
ती संपल्यावर काहीच उरलं नाही.
वारा बाहेरच्या बाहेर.
पद्माकर भिंतीकडे तोंड करून.
झोपलाय की जागा आहे,
डावा हात छातीवर आहे की उशीखाली,
गादीने काही सांगितलं नाही.
बत्तीस वर्षं मी याच्या चुळबुळीला नावं ठेवली.
मी श्वास मोजायला लागले. अकरा. बारा.
मग मोजण्यात माझाच चुकला.

त्याचा स्वेटर घातला, टॉर्च दातांत धरला,
मानेखाली वाकले.
तिवईचा आटा गार, घट्ट,
पाना दोनदा निसटला.
अर्धा. फक्त अर्धा आटा.
जास्त नको, कपांची झोप मोडायला नको.

परत येऊन पडले.
बराच वेळ नुसता कॉटनवुड सळसळत होता.
मग गादी एवढीशी हलली, माझ्याकडून नव्हे,
आणि खाली, अंधारात,
देवांनी एकदा किण् केलं.

सकाळी वर्ना कुत्र्याला फिरवताना थांबली.
वाकून तिवईकडे पाहिलं,
बोट लावून पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं.
हातोडा तिच्या काखेत होता.
तो तिने तिथेच ठेवला, काखेत,
आणि कुत्र्याला म्हणाली, चल.