दुपारी दीडची फेरी

दुपारी दीडच्या सुमारास तो किनवटवरून जातो.
दिसत नाही, ऐकू येत नाही.
त्यानं काढलेलं चित्र माझ्या पडद्यावर उतरतं साडेचारला,
तोवर चहा दोनदा होतो, लाईट एकदा जाते.

मी नांदेडात, वजिराबादेत, दुसऱ्या मजल्यावर. कंत्राटी.
आधी लाल ठिपके निवडायचे
तांदळातले खडे निवडावेत तसे:
हा परळीचा, धुराड्याचा, रोजचाच.
हा मानवतजवळ, ऊस तुटला, पाचट पेटवलं.
हे तीन ओळीनं नदीकाठी, वीटभट्ट्या.
हा एकटा, कंधारच्या माळावर,
परवा नव्हता, उद्याही नसेल.
त्याला मी काही नाव देत नाही.

मग उरतात ते चार,
मांडवीच्या डोंगरात, सागाच्या उतारावर,
एकमेकांना चिकटून.
मार्चचा दुसरा आठवडा. मोह गळायला लागला
की झाडाखालचा पाला कुणीतरी पेटवतं,
फुलं स्वच्छ भुईवर पडावीत म्हणून,
आणि वारा उठतो.
कुणीतरी, असं आम्ही अहवालात लिहितो.
त्या कुणीतरीतल्या एकीनं, जंगूबाई आत्रामनं,
मला टोपलीभर मोह दिला होता गेल्या साली,
वर पळसाचं पान झाकून.

ठिपका सोपा. धूर अवघड.
ढगाची सावली पडते ठसठशीत, धुराची पडली तर मळकी.
ढगाला कड असते.
धुराला कड नसते; पाटी ओल्या बोटानं पुसावी
आणि खडू पुरता जाऊ नये, तसा तो राहतो.
मी रंग बदलते, अवरक्त लावते,
तर धूर गायब. खाली नुसता डोंगर,
तव्यासारखा काळा, कडेनं धग.
पुन्हा साधे रंग लावले की हा परत येतो,
जणू मध्ये काही झालंच नाही.

मी त्याची लांबी मोजते. सदतीस किलोमीटर.
आग्नेयेला निघालाय.
तेविसाव्या किलोमीटरवर माझ्या नकाशात पिवळी रेघ आहे,
तिच्यापुढं तेलंगण.
रेघेपुढचे चौदा अहवालात येत नाहीत.

पण तो जमिनीवरून चाललाय की वरून?
वरून बघणाऱ्याला उंची कळत नाही.
म्हणून फोन लावते. इंदल आडे, वनरक्षक,
मागं फांद्या आपटल्याचा आवाज, धापा.
"वास? नाही मॅडम, गावात वास नाही.
धूर तर वरतून जाऊन राहिला.
ऊन तेवढं तांबडं पडलं,
अन् कोंबड्या चारलाच खुराड्यात गेल्या."
मी लिहिते: धूर उंचावर, वस्तीस उपद्रव नाही.
कोंबड्यांसाठी रकाना नाही.

रात्री दीडला तो पुन्हा जातो.
सकाळी बघते तर चाराचे दोन उरलेले,
तेही फिके. इंदलनं काम केलं.
मी चहा मागवते.

तेवढ्यात फोन. जंगूबाई,
मुलाच्या मोबाईलवरून, आधी खोकला, मग ती:
"रातच्याला खाली उतरला गं बाई तो.
वारा पडला, अन् दारातच येऊन बसला,
मांजरावानी. हाकलला तरी जाईना.
लेकरं डोळे चोळत बसली उजाडेपर्यंत.
तुझ्या त्या पडद्यावर दिसला काय?"

नाही, म्हटलं.
रात्री आम्हाला फक्त विस्तव दिसतो.

ती थोडा वेळ काही बोलली नाही.
तिच्या मागं कुणीतरी भांडं घासत होतं राखेनं,
तो आवाज येत राहिला.
मग म्हणाली, मोह मात्र यंदा लई पडला,
ये कधी. वाळवून ठेवते.

मी कालचा अहवाल उघडला.
'उपद्रव नाही' वर बाण नेऊन ठेवला
आणि तो लुकलुकत राहिला
साहेब येईपर्यंत.